स्नॅच शिकायचा कसा आणि कुणाकडे

ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये प्रकार दोनच. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायचा, उभं राहायचं आणि मग डोक्यावर. प्रत्येकी तीन प्रयत्न, दोन्हींतल्या सर्वांत जड यशस्वी वजनांची बेरीज, की लागला निकाल. खेळ इतका सुटसुटीत, पण तो शिकवायचा कसा यावर प्रशिक्षकांचं अजून एकमत नाही. सुरुवात जमिनीवरून करायची की मांडीवरून? आधी तंत्र की आधी ताकद? रोज जड उचलायचं की मोजूनमापून? समोर उभा राहणारा प्रशिक्षक लागतोच की मोबाइलवरचा चालतो? आणि प्रशिक्षक म्हणजे तरी कोण, वेटलिफ्टिंगमध्ये आयुष्य काढलेला की हल्ली सगळ्याच खेळांत दिसणारा ‘स्ट्रेंथ कोच’?

प्रश्न जुने आहेत, विचारणारा बदलला आहे. पूर्वी बारा-तेरा वर्षांचं पोर हॉलवर यायचं आणि सर सांगतील ते करायचं. कारण विचारायची पद्धत नव्हती. २००० साली अमेरिकेत क्रॉसफिट सुरू झालं, जगभर पसरलं आणि हे दोन प्रकार स्पर्धेच्या हॉलमधून व्यावसायिक जिममध्ये आले. आता दिवसभर खुर्चीत बसणारा पस्तिशीचा माणूसही स्नॅच शिकायचा म्हणतो आणि त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असतं. या क्षेत्रातले वाद वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. दाखले बहुतेक त्या पोराचे दिले जातात आणि निष्कर्ष या माणसाला लावले जातात.

तीनाचे दोन झाले

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंग होतं, पण एकहाती आणि दोनहाती अशा स्वरूपात, आणि वजनगटांशिवाय. १९२८ पासून प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे तीन प्रकार रुळले. पैकी प्रेस म्हणजे पायांची मदत न घेता खांद्यावरून वर ढकलणं. हळूहळू खेळाडू त्यात इतके मागे वाकू लागले की खरा प्रेस कुठला आणि खोटा कुठला हे पंचांना सांगता येईना. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो बाद झाला.

शिकवण्याच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. प्रेस हा प्रामुख्याने बळाचा प्रकार. तो गेल्यावर उरले ते दोन्ही वेगाचे आणि चपळाईचे. त्याच सुमारास बारखाली एक पाय पुढे, एक मागे टाकून जाण्याची जुनी ‘स्प्लिट’ ढब मागे पडून पूर्ण खाली बसण्याची ‘स्क्वॉट’ ढब रूढ झाली होती. बार तेवढा कमी उंच उचलावा लागतो, म्हणून ती फायद्याची. पण त्यासाठी डोक्यावर बार धरून टाचा न उचलता पार खाली बसता आलं पाहिजे. लहान मुलाला ते जमतं. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाचा घोटा, कंबर आणि खांदा मिळून त्याला नकार देतात. प्रौढ नवशिक्याची निम्मी अडचण इथेच आहे.

महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली अमेरिकेत डेटोना बीचला झाली. ऑलिंपिकचं दार २००० साली सिडनीत उघडलं आणि तिथे कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात ११० आणि १३० अशी २४० किलोंची बेरीज करून कांस्य मिळवलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

दोन घराणी

प्रशिक्षणाच्या बहुतेक चर्चा आजही दोन घराण्यांभोवती फिरतात. सोव्हिएत घराण्याचा भर नोंदींवर. शेकडो खेळाडूंच्या सरावाच्या वह्या तपासून प्रिलेपिन यांनी एक तक्ता बसवला. सर्वोत्तम वजनाच्या किती टक्क्यांवर एका सेटमध्ये किती वेळा आणि एकूण किती वेळा उचलावं, हे त्यात आहे. ८० ते ९० टक्क्यांच्या पट्ट्यात एका सेटला दोन ते चार आणि एकूण पंधराच्या आसपास. ९० टक्क्यांच्या वर सेटला एक किंवा दोन आणि एकूण चार ते दहा, बस्स. सोबत तऱ्हेतऱ्हेचे पूरक व्यायाम आणि आठवड्यागणिक चढउतार. जगभरातले प्रशिक्षक हा तक्ता अजून वापरतात, पुष्कळदा तो कुठून आला हे माहीत नसताना.

बल्गेरियन घराणं इव्हान अबाजियेव्ह यांचं. १९६८ साली त्यांच्याकडे राष्ट्रीय संघ आला आणि चारच वर्षांनी म्युनिकला बल्गेरियाने तीन सुवर्णपदकं घेतली. त्यांची पद्धत ऐकायला सोपी होती: स्नॅच, क्लीन अँड जर्क आणि स्क्वॉट सोडून फारसं काही करायचं नाही, दिवसातून अनेकदा सराव करायचा आणि प्रत्येक वेळी त्या दिवशी जमेल तेवढ्या जडपर्यंत जायचं. याच मुशीतून नईम सुलेमानोग्लू तयार झाला. पुढे तुर्कस्तानकडून खेळताना १९८८ च्या सोलमध्ये त्याने ६० किलो गटात १५२.५ आणि १९० किलो उचलले. जर्कला शरीराच्या तिपटीहून अधिक.

पण त्याच सोलमध्ये दोन बल्गेरियन विजेत्यांची सुवर्णपदकं उत्तेजक चाचणीनंतर काढून घेतली गेली आणि संघाने स्पर्धेतून माघार घेतली. दोन्ही घराण्यांच्या मूल्यमापनात हाच खरा पेच आहे. तो काळ सरसकट उत्तेजकांचा होता. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकचे नमुने नंतर पुन्हा तपासले तेव्हा कित्येक वेटलिफ्टर्सची पदकं गेली. हा खेळ ऑलिंपिकमध्ये राहतो की नाही अशी वेळ आली. २०२८ च्या लॉस एंजलिससाठी त्याला होकार मिळाला तो २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. मग पद्धतीचं यश किती आणि औषधांचं किती, हे वेगळं कसं काढणार? शिवाय त्या हॉलमध्ये आलेल्यांपैकी टिकले तेच आपल्याला दिसतात. जे मोडले त्यांच्या वह्या कुणी छापल्या नाहीत. बल्गेरियन पद्धतीचे आजचे समर्थकही हे नाकारत नाहीत. रोजच्या सरावाचं तत्त्व ठेवून जडपणा कमी केला तर ती सामान्य माणसालाही मानवते, एवढंच ते म्हणतात. सोव्हिएत बाजूचं उत्तर असं की, जडपणा कमी केलात की ती आमचीच पद्धत झाली.

अलीकडे चिनी घराण्याचं नाव जास्त ऐकू येतं. बार अंगालगत ठेवण्याचा आग्रह, पाठ, खांदे आणि दंडांसाठी भरपूर जोडव्यायाम ही त्याची ओळख. चीनमध्ये मुलांची निवड कोवळ्या वयात होते, हा भाग मात्र व्हिडिओ पाहून नक्कल करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

जमिनीवरून की मांडीवरून

नवशिक्याच्या दृष्टीने सर्वांत व्यवहाराचा वाद हा. तो समजायला स्नॅच जरा जवळून पाहायला हवा.

बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो, कारण मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर ठरलेला आहे. खेळाडू रुंद पकड घेतो, अंगठा बोटांखाली दाबून. याला हूक ग्रिप म्हणतात आणि पहिले काही आठवडे ती चांगलीच दुखते. मग बार सावकाश सुटतो आणि वर येता येता किंचित पायांकडे सरकतो. तो गुडघ्याच्या वर आला की सरळ झालेले गुडघे पुन्हा थोडे वाकून बारखाली जातात, धड उभं होतं आणि बार जांघेला लागतो. तिथे सगळा स्फोट. आणि लगेच उलट दिशा: ज्याने बार वर फेकला त्यानेच आता त्याच्याखाली, तो पडायच्या आत, बसायचं. जमिनीपासून इथवर सगळं सुमारे एका सेकंदात उरकतं.

गुडघे दुसऱ्यांदा वाकतात ही गोष्ट प्रयोगशाळेत नीट मोजली गेली. १९७९ चा रॉजर एनोका यांचा अभ्यास त्यासाठी आजही सांगितला जातो. वाद असा की, ती शिकवायची का? एक पक्ष म्हणतो, शिकवूच नका. बार अंगाशी ठेवून उभं राहायला सांगितलं की गुडघे आपोआप वाकतात, सांगायला गेलात तर माणूस मध्येच अडखळतो. दुसरा पक्ष म्हणतो, आपोआप होतं ते मुलांमध्ये. मोठ्यांमध्ये बार जांघेपर्यंत पोचतच नाही, मांडीच्या मध्यावरूनच पुढे उडतो. मग ती जागा आधी दाखवावी लागते.

यातूनच शिकवण्याचे दोन क्रम तयार झाले. वरून खाली येणारे आधी उभ्या स्थितीत, बार जांघेशी ठेवून, छोट्याशा वाकेतून स्नॅच शिकवतात. तो बसला की गुडघ्यावरून आणि मग जमिनीवरून. अमेरिकेत हा क्रम फार रूढ आहे. स्फोटाची जागा पहिल्याच दिवशी कळते आणि एका वेळी एकच नवी गोष्ट येते, हा त्याचा फायदा. खालून वर जाणाऱ्यांची हरकत अशी की, अशा विद्यार्थ्याला जमिनीवरून उचलायची वेळ आली की तो घाई करतो. पहिला टप्पा त्याच्या लेखी वरच्या जागेपर्यंत पोचण्याचं निमित्त असतो. बार तिथून वाकडा सुटला की पुढे काही सावरता येत नाही, म्हणून जमिनीपासूनची ओढ आधी घोटा.

माझं मत विचाराल तर प्रौढांसाठी वरून खाली येणंच सोयीचं. त्याचं कारण तंत्रापेक्षा सांध्यांत आहे. ज्याला पाठ सरळ ठेवून बारपर्यंत वाकताच येत नाही, त्याला जमिनीवरून सुरुवात करायला लावणं म्हणजे पहिल्याच दिवशी चुकीची सवय लावणं. पण कुठल्या क्रमाने शिकलेले दोन-तीन वर्षांनी पुढे असतात, याची दीर्घकाळ केलेली तुलना उपलब्ध नाही. प्रत्येक प्रशिक्षक स्वतःच्या क्रमाने तयार झालेल्या मुलांकडे बोट दाखवतो.

आधी स्नॅच की आधी क्लीन, हा वाद त्यामानाने किरकोळ आहे. स्नॅच अवघड म्हणून ताज्या डोक्याने आधी, असं एक मत. क्लीन सोपा म्हणून आत्मविश्वासासाठी आधी, असं दुसरं. दोन्हींनी चालतं.

सरांनी बोलायचं किती

अनुभवी प्रशिक्षक ओळखायचा असेल तर तो काय बोलतो यापेक्षा किती बोलतो ते पाहावं. नवशिक्याच्या एका स्नॅचमध्ये सहज पाच चुका असतात. समजा, त्याचे हात लवकर वाकले, बार पोटापासून फूटभर लांब गेला, तो टुणकन पुढे उडाला, टाचा वर राहिल्या आणि कोपर सैल पडले. उत्साही शिकवणारा पाचही सांगतो. मुरलेले सर दोन-तीन उचली नुसत्या पाहतात आणि म्हणतात, ‘‘अरे, टाच लवकर सुटतेय. जमीन ढकल.’’ बस्स, एवढंच. पाय जमिनीवर टिकले की पुढे उडणं थांबतं, बार जवळ राहतो आणि हात वाकायचं कारणच उरत नाही. पाच चुकांमागचं एक मूळ शोधणं, हे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याला जमत नाही. त्याला पाचही दिसतात आणि तो पाचही एकदम दुरुस्त करायला जातो.

इथे संशोधनाचा एक धागा उपयोगी पडतो. गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून दाखवत आणलं आहे की, शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अवयवापेक्षा बाहेरच्या परिणामावर असलं तर कौशल्य बहुधा लवकर बसतं. म्हणजे ‘गुडघे ताण’ यापेक्षा ‘जमीन ढकल’ बरं, ‘कोपर फिरव’ यापेक्षा ‘बार अंगावरून वर ने’ बरं. मात्र असे प्रयोग बरेचसे थोड्या काळाचे असतात आणि त्यांतले विद्यार्थी बहुधा नवखे. पूर्वीच्या दुखापतीमुळे एक खांदा कमी वळणाऱ्याला अवयवाचं नाव घेऊनच सांगावं लागतं. चांगले प्रशिक्षक दोन्ही वापरतात. संशोधनाचा कल स्पष्ट आहे, पण त्यातून कायदा निघत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने मात्र खरा फरक पडला. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात पॉवर स्नॅच, म्हणजे पूर्ण खाली न बसता झेललेला स्नॅच, करणाऱ्यांना प्रत्येक सत्रानंतर त्यांच्या उचलीचा आढावा दाखवला गेला आणि बारची वाट सुधारलेली आढळली. दूरस्थ प्रशिक्षणाच्या बाजूने हा भक्कम मुद्दा आहे. विरुद्ध बाजूचा मुद्दाही तितकाच भक्कम: व्हिडिओ पाहणारा कोच रात्री सांगतो की चौथ्या सेटनंतर थांबायला हवं होतं. हॉलमधला कोच चौथ्या सेटनंतर थांबवतो.

काठी, बार आणि जड प्लेट

पुरुषांचा बार २० किलोंचा, महिलांचा १५ किलोंचा. बहुतेक ठिकाणी नवशिक्याला आधी लाकडी काठी किंवा प्लास्टिकचा पाइप देतात आणि मग रिकामा बार. किती दिवस, यावर मतभेद आहेत. सावध पक्षाचं म्हणणं, हालचाल सारखी-सारखी एकाच पद्धतीने होऊ लागेपर्यंत वजन नको. सवय एकदा वाकडी पडली की वर्षभर मोडत बसावं लागतं. दुसरा पक्ष म्हणतो, काठी खोटं शिकवते. काठी हाताने ओढूनही डोक्यावर जाते, तिथे पायांची गरजच पडत नाही. वजन असलं की बार स्वतःच चूक दाखवतो, तेव्हा मोठ्या व्यासाच्या हलक्या प्लेट लावा आणि लवकर जमिनीवरून उचलू द्या. दोघांचंही खरं आहे. तारतम्य प्रशिक्षकाच्या नजरेवर सोडावं लागतं.

ताकद आधी की तंत्र आधी, हा याच वादाचा भाऊ. एक गट सांगतो की सहा महिने स्क्वॉट आणि डेडलिफ्ट करा, मग या. दुसरा विचारतो, डेडलिफ्टची संथ ओढ अंगात भिनली की स्नॅचचा वेग आणणार कुठून? हल्ली बहुतेक जण दोन्ही समांतर चालवतात, सत्राच्या सुरुवातीला ताज्या अंगाने तंत्र आणि शेवटी स्क्वॉट.

या सगळ्याच्या आधी एक अगदी साधी अडचण असते. आपल्याकडच्या बहुसंख्य जिममध्ये हा खेळ शिकण्याजोगी जागाच नाही. लोखंडी प्लेट, चकचकीत टाइल्स आणि भिंतीवर ‘वजने आपटू नयेत’ अशी पाटी. बार सोडून बाजूला होता येणं हा या खेळातला सुरक्षेचा पहिला धडा आहे, तोच जिथे निषिद्ध तिथे स्नॅच शिकू नये. लाकडी प्लॅटफॉर्म आणि रबरी प्लेट नसतील तर कोच कितीही नामांकित असला तरी उपयोग नाही.

वय, उंची आणि दुखापत

‘पोराची उंची खुंटेल’ ही पालकांची भीती सगळीकडे ऐकू येते. देखरेखीखाली, वयाला साजेशा वजनांनी केलेल्या व्यायामाने वाढ खुंटते याला पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० सालच्या निवेदनात मुलांच्या ताकदीच्या व्यायामाला योग्य देखरेखीच्या अटीवर अनुकूलताच दाखवली. हाडांच्या वाढीच्या जागी इजा झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्यांत बहुधा देखरेखीचा अभाव किंवा चुकीची हाताळणी आढळते. वेटलिफ्टर बुटके दिसतात कारण हलक्या गटांत आखूड हातपाय फायद्याचे ठरतात. निवड त्यांचीच होते.

दुखापतींचे आकडे जपून वाचावेत. ब्रायन हॅमिल यांच्या १९९४ च्या पाहणीत वेटलिफ्टिंगमधल्या दुखापतींचा दर शंभर तासांमागे ०.००१७ इतका नगण्य निघाला, फुटबॉल-रग्बीच्या कितीतरी खाली. या खेळाचे प्रेमी हा आकडा तोंडपाठ म्हणतात. पण तो देखरेखीखालच्या खेळाडूंचा आहे आणि प्रशिक्षकांनी दिलेल्या माहितीवर उभा आहे. उलट कॅलहून आणि फ्राय यांनी १९९९ साली अमेरिकेच्या उच्चस्तरीय वेटलिफ्टर्सच्या नोंदी तपासल्या तेव्हा हजार तासांना ३.३ दुखापती आढळल्या, मुख्यतः पाठ, गुडघा आणि खांद्याच्या. दोन्हींत दुखापतीची व्याख्या आणि गट वेगळे आहेत, त्यामुळे एकाने दुसरा खोडला जात नाही. आणि पस्तिशीनंतर पहिल्यांदा बार धरणाऱ्याबद्दल दोन्ही काही सांगत नाहीत.

दुखापत मुरलेल्यालाही सोडत नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात स्नॅचनंतर आघाडीवर होता, ११३ किलो. क्लीन अँड जर्कचा पहिला प्रयत्न १३५ ला यशस्वी झाला, दुसऱ्यात उजवा कोपर दुखावला. तरी तो तिसऱ्याला उभा राहिला, तोही हुकला. एकूण २४८. मलेशियाच्या अनिक कसदानने २४९ ने सुवर्ण नेलं.

कोच म्हणजे कोण

स्ट्रेंथ कोच हा पेशा तसा नवा. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ साली बॉइड एप्ली यांना नेमलं, १९७८ मध्ये या लोकांची संघटना झाली. फुटबॉलपटू असो वा धावपटू, त्याच्या खेळासाठी लागणारी ताकद वाढवणं हे त्यांचं काम. वेटलिफ्टिंगच्या कोचचं काम वेगळं: दोन उचली आणि स्पर्धेतले सहा प्रयत्न. पहिल्याला स्नॅच हे साधन, दुसऱ्याला तेच साध्य.

मीराबाई चानूच्या कारकिर्दीत दोघांच्या जागा नीट दिसतात. २०१६ च्या रिओत क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसून ती बेरजेशिवाय परतली. विजय शर्मा तिचे मुख्य प्रशिक्षक राहिले आणि २०१७ मध्ये ती जगज्जेती झाली. खांद्याचं आणि पाठीचं जुनं दुखणं स्नॅचला आड येत होतं, तेव्हा २०२० मध्ये ती अमेरिकेत आरोन हॉर्शिग यांच्याकडे गेली. ते फिजिओथेरपिस्ट, स्ट्रेंथ कोच आणि एके काळचे वेटलिफ्टर. पुढच्या एप्रिलमध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा विश्वविक्रम केला आणि टोकियोत ८७ अधिक ११५ असं रौप्य घेतलं. यश कुणाच्या खात्यात किती, हे कुणी वाटून देऊ शकत नाही. पण रोजचा कोच एक आणि नेमक्या अडचणीसाठी तज्ज्ञ दुसरा, ही मांडणी उघड दिसते. नवशिके उलट करतात. रोजचा कोच ठेवत नाहीत आणि सल्ला दहा तज्ज्ञांचा घेतात.

अनुभवी नजर आकड्यांतूनही चालते. स्नॅच हा क्लीन अँड जर्कच्या ८० टक्क्यांच्या आसपास असावा, असा ढोबळ अंदाज आहे. सुलेमानोग्लूचा सोलमधला हिशेब जवळजवळ तेवढाच येतो. मल्लेश्वरीचा सिडनीत जवळपास ८५, मीराबाईचा टोकियोत ७६. तिघांनाही पदकं मिळाली. म्हणजे प्रमाण चुकलं म्हणून खेळाडू चुकला असं होत नाही. कुठे पाहायचं तेवढं ते सुचवतं: स्नॅच मागे असेल तर खांदा आणि तंत्र, जर्क मागे असेल तर पाय.

कोचशिवाय होतच नाही का? वासिली अलेक्सेयेव्ह या सोव्हिएत महाबलीने ८० विश्वविक्रम केले आणि कारकिर्दीचा बराच काळ स्वतःचा सराव स्वतः आखला. एकलव्यपंथी त्याचं नाव हटकून घेतात. मात्र सुरुवातीला तोही प्ल्युकफेल्डर यांच्यासारख्या मातब्बराच्या हाताखाली होता आणि भोवताली खेळाडूंनी भरलेला हॉल होता.

असा हॉल आपल्याकडे कुठे आहे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडने २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी असे तीन कांस्यपदक विजेते दिले. सांगली आणि मनमाडलाही हा खेळ रुजला आहे. ही गावं जिमच्या सदस्यत्वावर नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पाहून शिकण्यावर वाढली. तिथला भर शाळकरी मुलांवर आणि स्पर्धेवर असतो. शहरातल्या प्रौढाला कोच मिळतो तो बहुधा एखादं प्रमाणपत्र घेतलेला ट्रेनर. त्यात वाईट काही नाही, पण त्याने स्वतः स्पर्धेत बार उचलला आहे का, हे विचारायला लाजू नये.

इतर खेळाडूंनी शिकावं का

उडी आणि वेगासाठी या उचली करून घ्याव्यात का, हा शेजारचा वाद. २०१६ साली हॅकेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. वेटलिफ्टिंगने उंच उडी पारंपरिक वजनी व्यायामापेक्षा जास्त सुधारते, पण उड्यांच्या सरावाइतकीच, असं चित्र निघालं. विरोधक म्हणतात, मग उड्याच माराव्यात, शिकायला वेळ तरी कमी लागतो. मधला मार्ग म्हणून बार खांद्यावर किंवा डोक्यावर न झेलता फक्त वरपर्यंत ओढण्याचे प्रकार पुढे आले आहेत. क्रिकेटपटू किंवा कबड्डीपटूला बहुधा तेवढं पुरे.

उरलेले प्रश्न आणि शिकू पाहणाऱ्यांसाठी

तीन गोष्टी मोकळ्याच आहेत. शिकवण्याच्या क्रमांची लांब पल्ल्याची तुलना, उत्तेजकांविना कुठली पद्धत किती चालते याचा हिशेब, आणि उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या दुखापती. पहिल्या दोन कदाचित कधीच सुटणार नाहीत. तिसरीवर काम होऊ शकतं आणि ते आता व्हायला हवं, कारण शिकणाऱ्यांत हाच वर्ग वाढतो आहे.

तोवर, नाव घालण्याआधी त्या हॉलवर एक संध्याकाळ नुसते बसा. नवशिक्याची उचल फसल्यावर सर काय करतात ते पाहा: वजन वाढवतात, कमी करतात की व्याख्यान देतात. पूर्ण जोर लावून पहिलं जड वजन कधी करू द्याल, हे विचारा. ‘पहिल्याच महिन्यात’ असं उत्तर आलं तर दुसरा हॉल शोधा. एकदा निवडलं की वर्षभर त्या एकाच माणसाचं ऐका. आणि गुडघा, खांदा किंवा पाठ आधीच कुरकुरत असेल तर बारला हात लावण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या.